आधुनिक युरोपातील जर्मानिक प्राचीन धर्माचे पुनरुज्जीवन : आधार कोणता, अधिकारी कोण?

प्रस्तावना

इंग्रजीतील ट्यूझडे, वेन्सडे, थर्सडे आणि फ्रायडे या चार वारांच्या नावांत अनुक्रमे तीर, वोडन, थोर आणि फ्रिग या जर्मानिक देवदेवतांची नावे दडलेली आहेत. रोमन लोकांनी ग्रहदेवतांवरून ठेवलेल्या मंगळ, बुध, गुरू व शुक्र या वारांना जर्मानिक भाषकांनी आपापल्या देवतांची नावे दिली आणि पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही ती बहुतेक ठिकाणी टिकून राहिली. आश्चर्याची बाब अशी की ज्या आइसलँडमध्ये या देवतांच्या कथा सर्वाधिक विस्ताराने जतन झाल्या, तेथील भाषेत मात्र ही नावे उरली नाहीत. होलार येथील बिशप योन ओग्मुन्दसोन यांनी बाराव्या शतकाच्या आरंभी ती मोडीत काढली, असे परंपरा सांगते. आजही आइसलँडमध्ये या वारांना 'तिसरा दिवस', 'आठवड्याचा मध्य', 'पाचवा दिवस' आणि 'उपवासाचा दिवस' असेच म्हटले जाते. वारांतून हद्दपार झालेल्या या देवतांच्या उपासकांच्या संघाला त्याच देशाच्या शासनाने १९७३ मध्ये धर्मसंस्था म्हणून अधिकृत मान्यता दिली.

ख्रिस्तपूर्व जर्मानिक धर्माच्या या पुनरुज्जीवनाकडे आपल्याकडील अभ्यासक सामान्यतः दोन दृष्टींनी पाहतात. काहींना ती शिंगांचे पेले आणि हातोड्याची पदके यांची हौस वाटते, तर काहींना ते नाझीवादाचे उरलेले शेपूट वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. एकाच ग्रंथसंपदेच्या आधारे आणि एकाच देवतांच्या नावाने उभ्या राहिलेल्या दोन संघटनांपैकी एक समलिंगी जोडप्यांचे विवाह लावते आणि दुसरीवर जर्मन शासन वंशद्वेषाच्या कारणास्तव बंदी घालते, हे कसे घडते? हा भेद ग्रंथांतून निघत नाही. तो या धर्माचा अधिकारी कोण, या प्रश्नाच्या उत्तरातून निघतो. या भेदाचे स्वरूप जर्मनी व आइसलँड या दोन देशांच्या उदाहरणांतून स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभी संज्ञेविषयी थोडे. 'पेगन' या शब्दाचे मराठीत 'मूर्तिपूजक' असे भाषांतर रूढ आहे, परंतु ते दिशाभूल करणारे आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'गावंढळ', खेड्यात राहणारा, असा होता. मूर्तीशी त्याचा संबंध नव्हता. खुद्द उत्तर युरोपातील प्राचीन लोकांकडे आपल्या धर्मासाठी स्वतंत्र नाव नव्हते. ख्रिस्ती धर्म आल्यावर त्याला 'नवा सिद्र' आणि आधीच्या रीतीला 'जुना सिद्र' असे म्हटले जाऊ लागले. 'सिद्र' म्हणजे रीत, रूढी, आचार. आपल्याकडील 'आचारः प्रथमो धर्मः' या वचनाशी परिचित असलेल्या वाचकास ही कल्पना समजण्यास अडचण पडू नये. आज प्रचलित असलेला 'आसात्रू' म्हणजे 'आस-कुलातील देवांवरील श्रद्धा' हा शब्द मात्र एकोणिसाव्या शतकातील आहे. 'आचार' जाऊन 'श्रद्धा' आली हा बदल किरकोळ नव्हे. विधीपेक्षा विश्वासाला महत्त्व देणारी ही घडण प्रॉटेस्टंट ख्रिस्ती संस्कारातून आलेली आहे आणि म्हणूनच आजचे अनेक गट पुन्हा 'जुना आचार' या अर्थाचे नाव जाणीवपूर्वक धारण करतात. डेन्मार्कमधील 'फोर्न सिद्र' ही १९९७ मध्ये स्थापन झालेली संघटना हे त्याचे ठळक उदाहरण होय.

आधारग्रंथ आणि त्यांचे कर्ते

जर्मानिक धर्माची परंपरा अखंड नाही. आठव्या शतकात बोनिफेस या धर्मप्रसारकाने गाइस्मार येथील डोनार (थोर) देवाचा पवित्र ओक वृक्ष तोडला. इ. स. ७७२ मध्ये शार्लमेनने सॅक्सन लोकांचा 'इर्मिनसूल' हा पूज्य स्तंभ उद्ध्वस्त केला आणि ७८२ मध्ये फेर्डेन येथे ४५०० सॅक्सनांचा शिरच्छेद करविला, अशी नोंद फ्रँकिश बखरींत आहे. आइसलँडमध्ये इ. स. १००० च्या सुमारास धर्मांतर झाले ते तुलनेने रक्तपाताविना. थिंग्वेल्लिर येथील लोकसभेत दोन पक्ष समोरासमोर ठाकले असता निर्णय थोर्गेर या विधिप्रमुखाकडे सोपविण्यात आला. तो स्वतः जुन्या धर्माचा होता. एक दिवस व एक रात्र तो पांघरूण घेऊन निश्चल पडून राहिला आणि उठल्यावर त्याने निवाडा दिला की सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. मात्र घोड्याचे मांस खाणे आणि खाजगीत बळी देणे यांस तूर्त मुभा असावी. ही मुभा पुढे काही वर्षांतच काढून घेण्यात आली.

अखंड परंपरा नसल्याने पुनरुज्जीवन करणाऱ्यांना ग्रंथांकडे वळावे लागते, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. टॅसिटसचे 'जर्मानिया' हे पुस्तक इ. स. ९८ च्या सुमाराचे आहे, परंतु तो रोमन होता. आपल्या समाजाला आरसा दाखविण्यासाठी त्याने जर्मनांची साधी व निष्ठावान प्रतिमा रंगविली. स्नोरी स्टुर्लुसोन याने १२२० च्या सुमारास रचलेला गद्य 'एड्डा' हा देवकथांचा सर्वांत सुसंगत ग्रंथ होय, परंतु स्नोरी हा धर्मांतरानंतर दोन शतकांनी झालेला ख्रिस्ती राजकारणी व कवी होता आणि तरुण कवींना जुन्या काव्यातील संकेत समजावेत हा त्याचा हेतू होता. पद्य 'एड्डा'चे मुख्य हस्तलिखित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. त्याची ४५ पाने शिल्लक असून मधली आठ गहाळ आहेत. १६४३ मध्ये ते बिशप ब्रिन्योल्फुर स्वेनसोन यांच्या हाती आले आणि १६६२ मध्ये डॅनिश राजाला भेट म्हणून पाठविले गेले.

या ग्रंथांवर विधी उभा करताना कोणती पंचाईत होते ते 'ब्लोत' या प्रमुख विधीच्या उदाहरणावरून दिसते. ब्लोत म्हणजे मूळ अर्थाने यज्ञ, बळी. त्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन स्नोरीच्या राजचरित्रांत येते. पशूचे रक्त पात्रात धरून डहाळ्यांनी ते वेदी, भिंती व उपस्थित लोक यांवर शिंपडले जाई, मांस शिजविले जाई आणि ओडिन, न्योर्द व फ्रेयर यांच्या नावाने पेले रिते केले जात, असे तो लिहितो. क्लाउस ड्युवेल या जर्मन अभ्यासकाने १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की हे वर्णन प्रत्यक्ष स्मृतीवर नव्हे, तर बायबलच्या जुन्या करारातील यज्ञवर्णनांच्या नमुन्यावर बेतलेले असावे. हे मत सर्वमान्य झाले नसले तरी त्याचा आशय विचार करायला लावतो. प्राचीन धर्मात परतू पाहणारा उपासक ज्या वाटेने जातो, ती वाट ख्रिस्ती मठाच्या ग्रंथालयातून जाते.

आजच्या बहुतेक गटांच्या ब्लोतमध्ये पशुबळी नसतो. उपस्थित लोक वर्तुळात उभे राहतात, मधापासून केलेल्या मद्याने भरलेला शिंगाचा पेला हातोहात फिरतो, प्रत्येक जण देव, पूर्वज वा भूमीचे रक्षक यांना उद्देशून काही बोलतो, थोडे मद्य भूमीवर सांडतो आणि शेवटी सहभोजन होते. हा विधी प्राचीन आहे काय? नाही. तो खोटा आहे काय? प्रस्तुत लेखकास तसेही वाटत नाही. सर्वच धर्मांचे विधी केव्हातरी कोणीतरी घडविलेले असतात; येथे ती घडण आपल्या डोळ्यांदेखत होते आहे, एवढाच फरक. आइसलँडमध्ये 'थोराब्लोत' नावाची हिवाळी मेजवानी घरोघरी साजरी होते आणि ती अतिप्राचीन समजली जाते. वस्तुतः १८७३ मध्ये कोपनहेगन येथील आइसलँडिक विद्यार्थ्यांनी तिला आधुनिक रूप दिले आणि १९५८ मध्ये रेक्याविकमधील 'नौस्तिद' या उपाहारगृहाने तिचे खाद्यपदार्थ लोकप्रिय केले.

जर्मनी : रक्ताचा सिद्धान्त

याकोब ग्रिम यांचे जर्मन दैवतकथाशास्त्रावरील पुस्तक १८३५ मध्ये प्रसिद्ध झाले. राजकीय एकीकरण न झालेल्या जर्मन समाजाला त्यात आपल्या एकत्वाचा भाषिक पुरावा सापडला. याच काळात तौलनिक भाषाशास्त्राने संस्कृत, ग्रीक, लॅटिन व जर्मानिक भाषांचे नाते सिद्ध केले होते. तीर या देवाचे नाव आणि आपला 'देव' हा शब्द एकाच मूळ रूपापासून आलेले आहेत. हे नाते खरे आहे, परंतु ते शब्दांचे आहे. भाषेच्या नात्यावरून रक्ताचे नाते गृहीत धरणे ही एकोणिसाव्या शतकाची महागात पडलेली चूक होय. मॅक्स म्युलर यांनी १८८८ मध्ये 'आर्य' ही संज्ञा केवळ भाषेपुरतीच वापरावी असे स्पष्टपणे बजावले होते, पण तोवर उशीर झाला होता.

व्हिएन्नाचे गुइडो फॉन लिस्ट (१८४८–१९१९) यांनी १९०८ मध्ये रून लिपीविषयीचे आपले गूढवादी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील अठरा अक्षरांची मालिका कोणत्याही प्राचीन शिलालेखात आढळत नाही. ती त्यांच्या अंतर्दृष्टीची निर्मिती होती. पुढे एस. एस. संघटनेने वापरलेले दुहेरी विजेसारखे चिन्ह याच मालिकेतील अक्षरावरून आले. लिस्टच्या पिढीतील गटांची धारणा अशी होती की धर्म हा वंशाच्या रक्तातून उगवतो, म्हणून सेमिटिक मुळाचा ख्रिस्ती धर्म जर्मनांस परका आहे. धर्म निवडण्याची वस्तू राहिली नाही. ती जन्माने लाभणारी, आणि म्हणूनच इतरांना नाकारता येणारी, मिळकत झाली.

या परंपरेतील एक व्यक्ती भारतीय अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. याकोब विल्हेल्म हाउअर (१८८१–१९६२) हे बासेल मिशनचे मिशनरी म्हणून १९०७ ते १९११ या काळात मलबारात होते. भारतातून परतल्यावर ते संस्कृतचे पंडित झाले, योगाच्या आरंभकाळावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि ट्युबिंगेन विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. १९३२ मध्ये झुरिच येथे कार्ल युंग यांच्यासमवेत कुंडलिनीयोगावरील व्याख्यानसत्रात ते प्रमुख वक्ते होते. याच हाउअर यांनी १९३३ मध्ये आयझेनाख येथे विविध गटांना एकत्र आणून 'जर्मन श्रद्धा आंदोलन' उभे केले आणि १९३४ मध्ये भगवद्गीतेवर पुस्तक लिहून तिच्यात इंडो-आर्य वंशाचे युद्ध व कर्म यांचे तत्त्वज्ञान शोधले. ज्या गीतेवर ज्ञानेश्वरीसारखी करुणेने ओथंबलेली टीका मराठीत होऊ शकली, त्याच गीतेचे हे वाचन होते. हाउअर अडाणी नव्हते. त्यांचे संस्कृत पक्के होते. ग्रंथाचे उत्तम ज्ञान असणे हे ग्रंथाच्या दुरुपयोगापासून संरक्षण ठरत नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते. विद्यापीठीय क्षेत्रात वावरणाऱ्यांना ही गोष्ट अस्वस्थ करणारी वाटावयास हवी.

नाझी राजवट या धर्माची आश्रयदाती होती, हा समज मात्र अर्धसत्य आहे. हाइनरिख हिमलर यांना या विषयाचे वेड होते. १९३५ मध्ये त्यांनी पूर्वजवारसा संशोधनाची संस्था काढली आणि फेर्डेन येथे मारल्या गेलेल्या सॅक्सनांच्या स्मरणार्थ ४५०० शिळांची वाट उभारविली. हिटलरने मात्र आत्मचरित्रात पत्र्याच्या तलवारी घेऊन मिरवणाऱ्या जर्मानिक भक्तांची टिंगल केली आणि १९३८ च्या न्यूरेंबर्ग अधिवेशनात आपला पक्ष हा पूजापंथ नव्हे असे जाहीर केले. हाउअर १९३६ मध्ये आपल्याच आंदोलनाच्या नेतृत्वावरून दूर झाले. फ्रीडरिख मार्बी या रूनवादी लेखकास तर छळछावणीत डांबण्यात आले. फेर्डेनच्या त्या शिळा आजही उभ्या आहेत आणि त्या परिसरात प्रॉटेस्टंट चर्चचे युवक केंद्र चालते.

आइसलँड : आचाराचा प्रयोग

२१ एप्रिल १९७१ रोजी पद्य 'एड्डा'चे हस्तलिखित डॅनिश नौदलाच्या जहाजातून रेक्याविक बंदरात परत आले, तेव्हा ते पाहण्यासाठी लोकांची प्रचंड गर्दी लोटली होती. त्यानंतर जवळपास वर्षभराने, म्हणजे १९७२ मध्ये, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी आसात्रू संघाची स्थापना झाली. दोहोंत थेट कार्यकारणभाव दाखविता येणार नाही, पण वातावरण एकच होते. संघाचे पहिले प्रमुख स्वेनब्योर्न बेनतेनसोन (१९२४–१९९३) हे द्रागहाउल्स येथील मेंढपाळ शेतकरी आणि 'रीमुर' या पारंपरिक गेय काव्याचे जाणकार होते. वृत्तशास्त्रावरील त्यांचे पुस्तक १९५३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. मान्यता मागण्यासाठी ते मंत्र्यांना भेटावयास गेले तेव्हा मंत्र्यांना प्रथम ती थट्टा वाटली. भेट संपवून ते बाहेर पडताच वीज कडाडली आणि शहराच्या मध्यभागातील दिवे गेले, असे सांगितले जाते. थोर हा मेघगर्जनेचा देव असल्याने वृत्तपत्रांना हा विषय पुरेसा झाला. बिशपांच्या विरोधास न जुमानता १९७३ मध्ये नोंदणी झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये द्रागहाउल्स येथे पहिला जाहीर ब्लोत पार पडला.

संघप्रमुखास 'सर्वजनांचा गोधी' म्हणतात. प्राचीन काळी गोधी हा अर्धा पाटील आणि अर्धा गुरव असे. आजच्या गोधीकडे ना सत्ता आहे, ना मोक्ष देण्याचा अधिकार. संघाचे धर्मसूत्र नाही आणि कोणत्या देवावर किती विश्वास ठेवावा याची विचारणाही होत नाही. २००३ पासून प्रमुख असलेले हिल्मार ओर्न हिल्मारसोन हे चित्रपटसंगीतकार आहेत. देवकथा या निसर्गशक्ती व मानवी मन यांविषयीची काव्यमय रूपके आहेत, त्या शब्दशः घ्यावयाच्या नाहीत, असे त्यांनी वारंवार सांगितले आहे. देवांपेक्षाही भूमीच्या रक्षक शक्तींना येथे महत्त्व आहे, आणि बैल, गरुड, सर्पासुर व राक्षस या रूपांत त्या आइसलँडच्या राजचिन्हावरही विराजमान आहेत.

पहिली वीस वर्षे सभासदसंख्या शंभराच्या आसपासच घुटमळत होती. आज ती पाच हजारांवर गेली आहे. चार लाखांच्या आतबाहेर लोकसंख्या असलेल्या देशात हे प्रमाण नगण्य नाही. या वाढीस एक व्यावहारिक कारणही आहे. आइसलँडमध्ये शासन प्रत्येक नोंदणीकृत धर्मसंस्थेला तिच्या प्रौढ सभासदांच्या संख्येनुसार निधी देते, त्यामुळे राष्ट्रीय चर्चपासून दूर झालेल्या नागरिकास आपला वाटा कोणाला जावा हे ठरविता येते. अशा सर्व सभासदांना श्रद्धाळू मानणे भाबडेपणाचे होईल. रेक्याविकमधील ओस्क्युहलीद टेकडीवर संघाच्या मंदिराचे काम २०१५ मध्ये सुरू झाले, पण पैशाअभावी आणि इतर अडचणींमुळे ते ठरल्यापेक्षा कितीतरी वर्षे लांबले.

अधिकाराचा प्रश्न

मंदिराची वार्ता २०१५ मध्ये जगभर पोहोचली आणि संघाकडे परदेशांतून द्वेषपूर्ण पत्रे येऊ लागली. ती ख्रिस्ती लोकांची नव्हती. ती स्वतःस याच देवतांचे उपासक म्हणविणाऱ्यांची होती. संघ समलिंगी विवाह लावतो, युद्धाचा व वंशाचा गौरव करीत नाही, हे त्यांना खटकले होते. हजार वर्षांपूर्वीच्या धर्माचा खरा वारस कोण, हा वाद दोन्ही बाजू त्याच 'एड्डा'च्या आधारे घालीत होत्या, आणि 'एड्डा' त्यात कोणाच्याच बाजूने साक्ष देत नव्हती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या आसात्रू संघटनेने गौरवर्णीय कुटुंबांचा उघड पुरस्कार केला, तेव्हा अनेक देशांतील गटांनी 'घोषणा १२७' नावाचे निषेधपत्र काढून तिच्याशी संबंध तोडले. 'हावामाल' या प्राचीन काव्यातील १२७ व्या कडव्यावरून हे नाव घेतलेले आहे.

जर्मनीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या 'आर्टगेमाइनशाफ्ट' या सुमारे दीडशे सभासदांच्या संघटनेवर जर्मन गृहमंत्रालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये बंदी घातली. आपल्याच वंशप्रकारातील जोडीदार निवडण्याची शिकवण आणि मुलांवर केले जाणारे वंशवादी संस्कार ही त्यामागील प्रमुख कारणे होती. याच देशात २००० मध्ये स्थापन झालेली 'एल्डारिंग' ही संघटना वंशवाद स्पष्टपणे नाकारते. श्टेफानी फॉन श्नुरबाइन यांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की वंशवाद नाकारणारे गटही 'आपले मूळ', 'आपले पूर्वज', 'आपली भूमी' हीच परिभाषा वापरतात आणि ती परिभाषा जुन्या वंशवादी विचारविश्वातूनच आलेली आहे. हे निरीक्षण मर्मभेदी आहे. तथापि त्यावरून सर्व गटांना एकाच तागडीत तोलणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. 'पूर्वज' हा शब्द स्मरणासाठी उच्चारणे आणि दुसऱ्यास दाराबाहेर ठेवण्यासाठी उच्चारणे, यांत अंतर आहे. ते अंतर घटनेच्या कलमांत नव्हे, तर सभासदत्वाच्या नियमांत आणि कोणाचा विवाह लावला जातो व कोणाचा नाही यांत तपासावे लागते.

या दृष्टीने पुढील अभ्यासासाठी महत्त्वाचा विषय दुसऱ्या पिढीचा आहे. आजवर या धर्मात आलेले बहुतेक लोक प्रौढपणी, वाचून व विचार करून आले. आता त्यांची मुले मोठी झाली आहेत. आइसलँडमध्ये ख्रिस्ती दृढीकरणाच्या वयात आसात्रू संघ मुलामुलींसाठी 'सिद्फेस्ता' नावाचा विधी करतो. त्याआधी ती 'हावामाल'चा अभ्यास करतात आणि विधी करावयाचा की नाही हे ठरविण्याची त्यांना मुभा असते. ग्रंथातून निवडलेला धर्म या मुलांना घरातून मिळतो आहे. रक्ताचा सिद्धान्त नाकारून उभ्या राहिलेल्या संघात जन्माने आलेला सभासद आणि स्वेच्छेने आलेला सभासद यांचे नाते कसे घडते, याची क्षेत्रीय पाहणी धर्माच्या समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी करावयास हवी.